विहिरीवरचं बोलणं

निरगुडसरच्या कुशाबाईनं आजवर किती लग्नं जमवली असं कुणी विचारलं की ती खवळायची. "लग्नं मोजत्यात का रं? ती काय कोंबडीची अंडी हायेत?" आणि वर विचारणाऱ्यालाच ऐकवायची, "तुझं जमवलं, तेवढंच माझं चुकलं बघ." जुन्नर-आंबेगावात असं गाव सापडायचं नाही, जिथं कुशाबाईनं जमवलेलं एखादं जोडपं सुखानं भांडत बसलेलं नाही. बाई ठेंगणी, काटक. नऊवारी लुगडं, कमरेला सुपारीची चंची. आवाज असा की मंचरच्या स्टँडवर बोलली तर अख्ख्या एसटीनं खिडकीतून माना बाहेर काढाव्यात. तोंडाची फटकळच होती, पण पोटाची पक्की.

सोयरीक जमवणारे ढिगानं असतात हो! मुलीची उंची दोन बोटं वाढवायची, मुलाची नोकरी आपल्याच तोंडानं कायम करून टाकायची, आणि अक्षता पडल्या की जिलबी हाणून घरी. कुशाबाईचं तसं नव्हतं. घरोघरी मातीच्या चुली, कुणाच्या घरात काय नसतं? कुणाचा बाप वेड्याच्या इस्पितळात राहून आलेला, कुणाचं पहिलं ठरलेलं मोडलेलं, कुणाच्या अंगावर डाग. ते झाकायचं नाही आणि गावभरही करायचं नाही, हा तिचा नेम. ज्या बाईला त्या सुनेबरोबर एका चुलीवर दिवस काढायचेत तिला, आणि तिलाच, सुपारी फुटायच्या आत सांगायचं. आधी काय सांगायचं, मागून काय, कुठं थांबायचं, हे सगळं कसब. "खोटं काय, कुनीबी बोलतंय," ती म्हणायची. "खरं बोलायला अक्कल लागती."

सांगायची जागाही ठरलेली. घरात नाही, भिंतीला कान असतात. उसाच्या पलीकडं तिची विहीर होती. ते रान आता तिचा भाचा भगवंत कसायचा. मोटर लावायची, थारोळ्यात धबाधबा पाणी पडायला लागलं की त्या आवाजाच्या आडोशाला दोघींनी काठावर गुडघ्याला गुडघा लावून बसायचं. सांगून झालं की कुशाबाई चंचीतली सुपारी कातरायची आणि समोरचीच्या हातावर ठेवायची. "ही गालात धर. ही हाय तवर तोंड उघडायचं न्हाई. ही संपली की बोलनंबी संपलं." कुणी हसण्यावारी न्यायचं नाही. त्या सुपारीवर दोन तालुक्यांतल्या कितीतरी घरांची अब्रू शाबूत राहिली होती.

हा नेम तिनं का धरला ते फारशा लोकांना ठाऊक नव्हतं. तिची धाकटी बहीण रत्ना. पाठीवर कोडाचा बोटभर डाग. लग्न ठरलं तेव्हा ती पोर म्हणाली, मी त्या लोकांना सांगते. आईनं तिच्या तोंडावर हात दाबून धरला. "गप! जीभ हासडीन." कुशाबाई तिथंच उभी होती. रत्नाचे मोठाले झालेले डोळे आणि आईचा हळदीनं पिवळा झालेला हात, दोन्ही तिनं बघितलं. लग्नानंतर डाग दिसला, आणि फसवलं म्हणून सासरच्यांनी पोरीला परत आणून घातली. मग उभा जन्म रत्ना माहेरच्या ओसरीवर धान्य निवडत बसली आणि तशीच एक दिवस गेली. "डागानं न्हाई मेली ती," कुशाबाई म्हणायची, "झाकल्यानं मेली." एवढं बोलताना तिचा तो एसटी थांबवणारा आवाज बसायचा.

तर 'मांडव' आला तो असा. मंचरची श्रेया नावाची पोरगी, अंगात कंपनीचा लाल टी-शर्ट, एक दिवस दारात उभी. "आजी, तुमच्यासारख्या अनुभवी माणसांना आम्ही पार्टनर करून घेतोय." मांडव म्हणजे लग्न जमवायचं ॲप. कंपनी लई मोठी. फोन तिचे, गाणी तिची, नकाशा तिचा, आणि सगळं गाव एकमेकांना निरोप धाडतं तेही तिच्यावरूनच. एवढ्या थोर कंपनीला निरगुडसरच्या पोरींच्या लग्नाची काळजी कशाला पडावी, हे कुणी विचारलं नाही. फोन फुकट मिळत होता ना! फुकट म्हटलं की आपल्याकडं विषाच्या दुकानापुढंसुद्धा रांग लागेल.

श्रेयानं कुशाबाईचा अंगठा धरून फोनवर टेकवला.

"काय लिवलंय गं त्यात?"

"काही नाही आजी. मान्य आहे, एवढंच."

लिहितावाचता येत नाही याची कुशाबाईला कधीच अडचण झाली नव्हती, आणि आता तर व्हायचं कारणच उरलं नाही. फोनात 'सखी' होती. तिच्याशी नुसतं बोलायचं. "सखे, अवसरीच्या पोराचा फोटू दाव." लगेच गोड आवाज यायचा, "हो, कुशाआजी." पोटच्या लेकीनं इतक्या गोडीनं ओ दिली नसती. कुशाबाईला लेक नव्हती, म्हणून तिला ते जास्तच गोड लागलं.

पिंपळवंडीचे रखमाजी हे तिचे जन्माचे वैरी, म्हणजे धंद्यातले. त्यांनी मात्र श्रेयाला दारातून परत पाठवलं. "ज्याला पोट न्हाई, त्याच्या पोटात काय ऱ्हानार?" असं म्हणाले म्हणे. कुशाबाई हसली. "उंटावरचा शहाणा!" पण वर्ष फिरलं नाही तोवर रखमाजींचा धंदा बसला. जो मांडवात नाही तो माणूसच नाही, असं झालं. रखमाजींनी एखाद्या घरी मुलाचा फोटो धाडला की तो उघडताना वर लाल पट्टी यायची, 'अनोळखी मध्यस्थ, सावध राहा'. ज्यांच्या आईबापांची लग्नं रखमाजींनी लावली, त्यांच्याच फोनवर रखमाजी अनोळखी! मंचरला वधूवर मेळावे भरवणारं एक मंडळ होतं, त्यांची वेबसाइट होती. तीही हळूहळू शोधून सापडेनाशी झाली. शोधायचं यंत्रसुद्धा त्याच कंपनीचं, सापडणार कशी? मंडळाला कुलूप लागलं आणि कुशाबाईच्या ओसरीवर जागा पुरेना. तिनं नारायणगावच्या बाजारात पेढे घेतले आणि रखमाजींच्या डोळ्यांदेखत वाटले. वाईट वागली. वागली ते वागली, आपण कशाला झाकायचं?

आता एक गोष्ट बाहेरच्या माणसाला सांगावी लागते. हा उसाचा मुलूख आणि म्हणून वाघाचाही. बिबट्याला इकडं वाघच म्हणतात. उसातल्या वाटेनं मुक्यानं जायचं नाही, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. पूर्वी माणसं खाकरत, टाळ्या वाजवत जायची. आता फोनवर मोठ्यानं गाणं लावतात, आवाजाला जनावर बुजतं. कुशाबाईही तेच करायची. विहिरीकडं निघाली की, "सखे, गवळण लाव," आणि फोन चंचीत सुपारीशेजारी. विहिरीवर पोचली की म्हणायची, "आता गप." सखी गप व्हायची. गाणं थांबायचं, आणि फोन चंचीतच राहायचा.

प्राची ही शेजारच्या चांगदेवची लेक. आई लहानपणीच गेली, तेव्हापासून पोर कुशाबाईच्या ओसरीवरच वाढली. फार्मसी शिकून मंचरला औषधाच्या दुकानात कामाला लागली होती. शाळेत असताना तिला फेफरं यायचं. डॉक्टरच्या गोळीनं ते थांबलं, मग कित्येक वर्षांत एकदाही आलं नाही. पण गोळी चालू होती.

"आजी, लपवून मला लग्न करायचं नाही," प्राचीनं आधीच सांगितलं.

"लपवतंय कोण, भवाने? मी कशाला हाय मग?"

स्थळ आलं पिंपळवंडीचं. सरूबाईंचा सार्थक, चाकणला नोकरीला. पोरापोरीची बोलणी झाली, दोघं एकमेकांना आवडली. बघायचा कार्यक्रम उरकल्यावर कुशाबाई सरूबाईंना म्हणाली, "चला पावणं, आमची इहीर दावते." गवळण ऐकत दोघी उसातून गेल्या. मोटर लागली. कुशाबाईनं आधी पोरीचे कष्ट सांगितले, आईमागं तिनं बापाचं घर कसं ओढलं ते सांगितलं, मग फेफऱ्याचं सांगितलं, गोळीचं सांगितलं, आणि थांबली.

"माझ्या नणंदेला येत व्हतं," सरूबाई म्हणाल्या. "तिची चार लेकरं हायेत आज. तुमी सांगितलं, लई बरं केलं. पोराला मी माझ्या तोंडानं सांगते, येळ बघून. हे आता माझ्याकडं राह्यलं."

सुपारी त्यांनी गालात धरली. परत येताना कुशाबाईला असा काही हलकेपणा वाटला की गाण्याबरोबर तीही गुणगुणत आली.

आठवडाही झाला नसेल. सरूबाईंच्या फोनवर फेफऱ्याच्या औषधांच्या जाहिराती येऊ लागल्या. एक झाली की दुसरी. फेफरं उतरवणारे बुवा, फेफऱ्यावरची मुळी. त्यांच्या थोरल्या दिरानं ते पाहिलं. तिकडं सार्थकच्या फोनवर, मांडवात, प्राचीच्या हसऱ्या फोटोखाली एक पिवळी खूण उगवली होती, 'आरोग्याबाबत अधिक चौकशी करावी'. दिरानं दोन्हीचा मेळ घातला. सरूबाई चांगली वेळ बघत थांबल्या होत्या आणि त्या थांबण्याचंच पाप झालं. आईला माहीत होतं आणि आईनं लपवलं! घरात तमाशा झाला, आणि पिंपळवंडीहून चांगदेवला फोन आला तो शिव्यांनीच सुरू झाला.

चांगदेव मोठ्यानं बोलणारा माणूस नव्हे. तो कुशाबाईच्या ओसरीच्या पायरीवर येऊन उभा राहिला, वर चढलासुद्धा नाही.

"आक्का," तो म्हणाला, "तुमच्या तोंडात तीळ भिजत न्हाई, हे मला ठावं नव्हतं."

कुशाबाईला उभ्या जन्मात कुणी असं बोललं नव्हतं. बोललं कोण? सरूबाई नाही बोलली, ती देवावर हात ठेवून रडत होती. कुशाबाई नाही बोलली. मग?

पिवळी खूण सगळ्यांना दिसत होती. प्राचीची येणारी स्थळं थांबली. दुकानात एक बाई तिच्याकडं बघून म्हणाली, "तू नको देऊ गोळ्या, दुसऱ्या कुणाला सांग." प्राची घरी आली आणि जेवलीच नाही. कुशाबाईवर तिनं आळ घेतला नाही, हेच कुशाबाईला सोसवेना.

मग तिनं ठरवलं की हे रखमाजीचं काम. सूड घेतलाय मेल्यानं. एसटी धरून ती पिंपळवंडीला गेली आणि रखमाजींच्या दारात उभी राहून तिनं जे तोंड सोडलं, ते ऐकायला आळी गोळा झाली. रखमाजी खाटेवर बसून लसूण सोलत होते. ते थांबले नाहीत. तिचा दम संपल्यावर म्हणाले, "बसा. पानी घ्या. कुशाबाई, मला कुनी दारात उभं करत न्हाई आता, मला कळंल कुठनं? एवढं सांगा, बोलताना तिथं कोन कोन व्हतं?"

"मी आन् सरूबाई."

"आनिक?"

"आनिक कोन? मोटर!"

"उसातनं कशा गेल्या दोघी? मुक्यानं?"

कुशाबाई बोलायला गेली, आणि तिचा हात आपोआप कमरेच्या चंचीवर गेला. चंचीत फोन होता. आत्ताही होता. रखमाजींनी ते पाहिलं. त्यांनी तोंडावर बोट ठेवलं, उठले, तो फोन अलगद तिच्याकडून घेतला, घरात जाऊन ज्वारीच्या कणगीत ठेवला आणि झाकण लावून परत आले. एवढं करून झाल्यावरसुद्धा ते हळू आवाजातच बोलले, "गप म्हनलं तरी ते ऐकतंय."

पण कुशाबाई अशी कुणाच्या सांगण्यावर विश्वास ठेवणारी नव्हे. तिला पारख करून बघायची होती. दुसऱ्या दिवशी ती एकटीच विहिरीवर गेली. गवळण लावली, बंद केली, मोटर लावली, काठावर बसली. आणि समोर कुणी बसलंय असं धरून बोलायला लागली. "काय सांगू बाई, माझं दोन्ही कान गेलं. काय सुदीक ऐकू येत न्हाई. कुनाला सांगू नगं, धंदा बसंल माझा." सगळं खोटं. तिला उसात पान हललेलं ऐकू यायचं. बोलून झाल्यावर तिनं रीतसर सुपारीही कातरली आणि स्वतःच खाल्ली.

सकाळी उठून तिनं फोन हातात घेतला. "सखे, आज वार कंचा?"

"हो, कुशाआजी! आज गुरुवार!"

आवाज दुप्पट मोठा होता. कुणी न सांगता मोठा झालेला. गोड तसाच, पण शब्द न् शब्द तोडून, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसा. खाली पडद्यावर एका हसऱ्या म्हाताऱ्याचं चित्र आलं होतं, त्याच्या कानात यंत्र. कुशाबाईनं फोन गोधडीवर टाकला आणि भिंतीला टेकून बसली. वाघानं शेळी नेली तेव्हा ती घाबरली नव्हती, कोयता घेऊन मागं धावली होती. आज कोयता उगारायचा तरी कुणावर? त्याच विहिरीवर, त्याच फोनापुढं, मांडव आल्यापासून ती कुणाकुणाचं काय काय बोलली होती! एकेक चेहरा डोळ्यांपुढं यायला लागला. नांदायला गेलेल्या, पोटुशी असलेल्या, सासूच्या जिवावर निर्धास्त झोपणाऱ्या पोरी. त्यांच्या फोनवर अजून काही आलं नव्हतं, पण कधी येईल ते सांगणारं कुणी नव्हतं.

श्रेयाला शोधत ती मंचरला गेली. श्रेया आता साडीच्या दुकानात होती. कंपनीनं सगळ्या पोरींना काढून टाकलं होतं. पार्टनर जमले, मग पोरी कशाला पाहिजेत?

"ते काढ त्यातनं," कुशाबाई म्हणाली. "प्राचीचं जे हाय ते पुसून टाक."

"आजी, प्रोफाइल काढता येतं. पण जी माहिती गेली ती त्यांच्याकडंच राहते."

"त्यांच्याकडं म्हंजी कुठं? हापिस कुठं हाय? मी जाते, पाया पडते."

श्रेया साड्यांच्या घड्या करत होती. "मला पण नाही माहीत, आजी. मी पण कधीच पाहिलं नाही." मग खाली मान घालून म्हणाली, "तुम्ही 'मान्य आहे' केलं होतं ना." आपला अंगठा कुणी धरला होता, हे कुशाबाई बोलली नाही. पोरीचे डोळे भरले होते.

कुशाबाई मांडवातून निघाली. आठ दिवसांत तिचं नाव लाल पट्टीखाली गेलं. ओसरी रिकामी झाली. एकदा दुपारी रखमाजी आले आणि न बोलावता ओसरीवर बसले.

"पारगावला एक घर हाय," ते म्हणाले. "पोरगा स्वराज, ऊसतोडीच्या मशीनवर. आई खमकी हाय. पोराचं लगीन फोनावर जमवायचं न्हाई म्हन्ती, त्यामुळं मांडवात तिचं नावच न्हाई. माझं जुनं गिऱ्हाईक. बघायचं का? तुमी पोरीकडनं, मी पोराकडनं."

दोन जन्माचे वैरी एका खाटेवर बसून सोयरीक जमवायला लागले. सगळं तोंडी. निरोप द्यायला रखमाजी स्वतः एसटीनं जायचे. स्वराज आणि प्राची दोनदा भेटली, आणि प्राची पुन्हा हसायला लागली. तिला तो आवडला होता, ते दिसत होतं.

"मीच सांगू का त्याला?" तिनं विचारलं.

"आधी त्याच्या आईला मी सांगते. त्या घरात तिचं चालतं. तिनं ऐकलं की मग तू त्याला सांग, तुझ्या तोंडानं. या बारीला कुनी मदी यायचं न्हाई."

पारगावची मंडळी आली तो दिवस चांगला होता. पोहे झाले, चहा झाला, चांगदेव बऱ्याच दिवसांनी कुशाबाईच्या ओसरीवर वर चढून बसला. कुशाबाईनं आपला फोन पिठाच्या डब्यात ठेवला होता. स्वराजच्या आईचा फोनही तिनं हसत हसत मागून घेतला आणि त्याच डब्यात घातला. "आमच्या इहिरीवर फोन चालत न्हाई, पावणं."

गाणं नव्हतं, म्हणून दोघी टाळ्या वाजवत उसातून गेल्या. कुशाबाईनं जात्यावरची जुनी ओवी मोठ्यानं म्हटली. स्वराजच्या आईलाही ती येत होती, तिनं पुढची कडवी धरली. बाई मोकळी होती, हसरी होती. प्राचीला अशीच सासू पाहिजे, असं कुशाबाईला वाटलं, आणि बोलायचं कसं ते तिनं चालता चालताच जुळवून ठेवलं.

विहिरीच्या काठावर दोघी बसल्या. गुडघ्याला गुडघा लावून.

"जरा मोटर लागली की बोलू," कुशाबाई म्हणाली आणि उठायला लागली.

"हो, कुशाआजी! मोटर लावते!"

आवाज स्टार्टरच्या खोक्यातून आला होता. मोठा, गोड, शब्द न् शब्द तोडून, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसा. खोक्यावर हिरवा दिवा लागला आणि थारोळ्यात धबाधबा पाणी पडायला लागलं.

"अगंबाई, बोलती व्हय तुमची मोटर!" स्वराजच्या आईला मजा वाटली. "आमच्याकडंबी परवाच बसवलं. कंपनीनं फुकट दिलंय समद्यांना."

भगवंतानं बसवलं असणार. त्या बिचाऱ्याला काय कळतंय? तुम्ही म्हणाल, मग चार पावलं लांब जाऊन बोलायचं! गेली ना. बाईंचा हात धरून बांधापलीकडं आंब्याखाली गेली. तिथं बसली. तोंड उघडलं. आणि तिला त्या बाईंच्या मनगटावरचं काळं घड्याळ दिसलं.

"पोरानं दिलंय," बाई कौतुकानं म्हणाल्या. "पावलं मोजतंय. काय बोललं की त्यातनं उत्तरबी देतंय."

ते काढून ठेवा, असं म्हणता आलं असतं. पण मग झाडाच्या फांदीवरून गेलेल्या तारेचं काय, शेजारच्या रानातल्या दुसऱ्या मोटरीचं काय? कुठवर काढत जायचं? कुशाबाईला वाटलं, आता शब्द तोंडाबाहेर पडला की तो या बाईच्या कानाआधी दुसरीकडं पोचणार. पुन्हा पिवळी खूण. पुन्हा पोर उपाशी निजणार. तिचा हात चंचीत सुपारीवर तसाच राहिला.

"काय सांगनार व्हता तुमी?" बाईंनी विचारलं.

"काय न्हाई," कुशाबाई म्हणाली. "पोरगी गुनाची हाय. एवढंच."

परत जाताना ती ओवी म्हणायची विसरली. दोघी उसातून मुक्यानंच आल्या, आणि आपण मुक्यानं आलो हे तिला घर दिसल्यावर कळलं.

घरात आनंद चालला होता. रखमाजी आणि चांगदेव सुपारी कधी फोडायची ते ठरवत होते. स्वराजच्या आईनं आल्याआल्या प्राचीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पिठाच्या डब्यातून दोन्ही फोन काढून, झटकून, चुलीशेजारच्या फळीवर ठेवले. मग त्या बाहेर गेल्या. स्वयंपाकघरात कुशाबाई आणि प्राची दोघीच उरल्या. प्राचीचा चेहरा नुसता उजळला होता. तिनं कुशाबाईचे दोन्ही हात धरले.

"सांगितलंस ना, आजी? त्यांना चाललं ना? मग आता मी स्वराजला माझं फेफ..."

कुशाबाईनं तिच्या तोंडावर हात दाबून धरला.

पोरीचे डोळे मोठाले झाले. कुशाबाईचं लक्ष फळीवरच्या फोनांकडं होतं, कान त्यांच्याकडं होते. हात तिनं काढला नाही. पोह्यांना फोडणी देऊन बोटं हळदीनं पिवळी झालेली होती, आणि ती बोटं कुणाची आहेत ते कुशाबाईनं तेव्हा ओळखलं.